ग्लॅम्पिंगला जायचंय? पवना, भंडारदरा आणि इतर ठिकाणच्या तंबूंविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की तंबूंची चौकशी सुरू होते आणि काजव्यांचा मोसम संपेपर्यंत ती थांबत नाही. पुणे, मुंबई, नाशिकहून एका-दोन रात्रींसाठी निघणाऱ्यांच्या शंका साधारण त्याच त्या असतात. बरीचशी उत्तरं पवना आणि भंडारदऱ्याच्या अंगाने दिली आहेत, कारण सर्वांत जास्त गर्दी तिथे आणि फसगतही तिथेच.

ग्लॅम्पिंग आणि साधं कॅम्पिंग यात नेमका फरक काय?

जमिनीपासून वर उचललेला पलंग, जाड गादी, वीज आणि तंबूला जोडलेलं स्वच्छतागृह. या चारही गोष्टी असतील तर ग्लॅम्पिंग. पवना धरणाच्या काठाला ओळीने लावलेले रंगीबेरंगी घुमटी तंबू, आत सतरंजीवजा मॅट आणि स्लीपिंग बॅग, शंभर पावलांवर सगळ्यांसाठी दोन-चार संडास, हे कॅम्पिंग झालं. त्यात वाईट काही नाही. कॉलेजच्या पोरांना तेच हवं असतं. अडचण एवढीच की हल्ली त्याच घुमटी तंबूवर दिव्यांची माळ टाकून जाहिरातीत ‘लक्झरी ग्लॅम्पिंग’ लिहितात. भावावरून अंदाज येतो. माणशी हजार-दीड हजारात रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता धरून कोणी तंबू देत असेल, तर पलंगाची अपेक्षा ठेवू नका. खऱ्या ग्लॅम्पिंगला जोडप्यामागे साधारण चार-पाच हजारांपासून पुढे लागतात, आणि शनिवारच्या रात्री पाण्यासमोरचा डोम घ्यायचा तर त्याच्या दुप्पटही सहज जातात.

तंबूंचे प्रकार कोणते? कुठला घ्यावा?

स्विस टेंट सगळ्यांत जुना आणि माझ्या मते सगळ्यांत भरवशाचा. जाड कॅनव्हास, दुहेरी छत, पुढे छोटा ओटा किंवा व्हरांडा, मागे पक्क्या भिंतींचं बाथरूम. दोन छतांच्या मध्ये हवा खेळते म्हणून दुपारी जरा सुसह्य असतो. दिसायला साधा, फोटोत तितका ‘येत’ नाही, म्हणून त्याची मागणी कमी झाली आहे.

डोम म्हणजे लोखंडी नळ्यांच्या त्रिकोणांवर ताणून बसवलेलं पीव्हीसीचं कापड, एका बाजूने पारदर्शक. फोटो याचेच सर्वाधिक फिरतात. बुक करताना एक प्रश्न आवर्जून विचारा: पारदर्शक बाजूचं तोंड कुठल्या दिशेला आहे? पूर्वेला असेल तर सूर्य उगवताच तुम्हीही उठणार, पडदा असला तरी. पश्चिमेला असेल तर दुपारी तीन ते सहा आत बसवत नाही. ऊन आत शिरतं, बाहेर पडत नाही, आणि एसी लावला तरी कापडाच्या भिंतीपुढे त्याचं फारसं काही चालत नाही. उत्तरेकडे तोंड असलेला डोम मिळाला तर डोळे झाकून घ्या.

ए-फ्रेम म्हणजे तंबूच्या आकाराचं लाकडी किंवा पत्र्याचं घर. पावसात उत्तम. पण त्याला तंबू म्हणणं जरा जास्तच. ट्री हाउस मुलांना भारी आवडतं, गुडघेदुखीवाल्यांना नाही.

महाराष्ट्रात जायचं कुठे?

पवना सगळ्यांत सोयीचं. पुण्याहून दीड-दोन तास, मुंबईहून रस्ता मोकळा मिळाला तर तीन. एका बाजूला तिकोना, समोर तुंग, मागे लोहगड-विसापूर. ठाकूरसाई, आंबेगाव, फांगणे, चावसर या गावांच्या शिवारात बहुतेक तंबू आहेत. लोणावळ्याहून दुधिवरे खिंडीतून किंवा कामशेतहून पवनानगरमार्गे जाता येतं. शनिवारी संध्याकाळी खिंडीत गाड्यांची रांग लागते, तेव्हा कामशेतचा रस्ता धरलेला बरा. शांतता हवी असेल तर शनिवार टाळा. मंगळवार-बुधवारचा पवना आणि शनिवारचा पवना ही दोन वेगळी ठिकाणं आहेत.

भंडारदरा जरा लांब आहे, पण जागा खरी तीच. अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण, त्यामागचा आर्थर जलाशय, एका अंगाला रतनगड, दुसऱ्या अंगाला १६४६ मीटरचं कळसूबाई. मुंबईहून कसारा घाट चढून घोटीवरून बारीमार्गे धरणाजवळचं शेंडी गाव गाठायचं, पुण्याहून राजूरमार्गे. रेल्वेने यायचं तर इगतपुरीला उतरून पुढे गाडी करावी लागते. एका रात्रीसाठी ही धावपळ करू नका. दोन रात्री राहिलात तर रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, सांदण दरी, घाटघरचा कडा असं निवांत बघून होतं.

साताऱ्याकडे कासच्या आसपास आणि बामणोलीला कोयनेच्या फुगवट्याच्या काठाला तंबू आहेत. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात हा फुलांचा काळ. पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि प्रवेशासाठी आधी ऑनलाइन नोंदणी लागते. तंबू मिळाला म्हणजे पठारावर सोडतील असं धरून चालू नका.

तारकर्ली-देवबागला समुद्र आणि कर्लीची खाडी दोन्ही मिळतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मस्त. मार्चनंतर घामाने अंथरूण ओलं होतं. ताडोबाला मोहर्ली, कोलारा या दारांजवळ सफारी टेंट आहेत. एप्रिल-मेमध्ये वाघ दिसण्याची शक्यता जास्त, पण चंद्रपूरचं ऊन पंचेचाळिसावर जातं. तिथे कूलर किंवा एसी नसलेला तंबू घेणं म्हणजे पैसे देऊन शिक्षा भोगणं. गाभा क्षेत्र पावसाळ्यात तीन महिने बंद आणि एरवी मंगळवारी बंद, हे तारखा ठरवतानाच लक्षात ठेवा.

महाराष्ट्राबाहेर?

कच्छचं धोर्डो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे रणोत्सवाची तंबूनगरी उभी असते आणि तिथल्या जेवणाच्या मांडवात मराठी हमखास कानावर पडतं. वांद्र्याहून भुजला थेट गाड्या आहेत, भुजहून धोर्डो साधारण ऐंशी किलोमीटर. पौर्णिमेच्या आसपासचे तंबू फार आधी भरतात. ही जागा कुटुंबांसाठी, ज्येष्ठांसाठी अगदी सोयीची. एकांत मात्र मागू नका.

कुठला महिना चांगला?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत कुठेही जा. हवा कोरडी, रात्री गार, डास कमी.

मार्च ते मे दुपार कशी काढायची याचा आधी विचार करा. शिवाय या महिन्यांत धरणांचं पाणी उतरतं. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडकर पितात, भंडारदऱ्याचं प्रवरेच्या कालव्यांतून शेतीला जातं. त्यामुळे जानेवारीत काठाला टेकलेला ‘लेक टच’ तंबू मे महिन्यात भेगाळलेल्या चिखलाच्या मैदानासमोर उभा असतो आणि पाणी लांबवर चकाकताना दिसतं. मालक खोटं बोलत नाही, तो फक्त फोटो जानेवारीचे पाठवतो. उन्हाळ्यात जाणार असाल तर फोनवर सांगा, ‘आज सकाळी काढलेला फोटो पाठवा.’

पावसाळ्यात बऱ्याच ठिकाणी कापडी तंबू उतरवून ठेवतात. उभे असतील तर तंबूखालचं जोतं किती उंच आहे ते विचारा. फूट-दीड फूट पक्कं जोतं असेल तर हरकत नाही. जमिनीवर ताडपत्री टाकून पलंग मांडला असेल तर रात्री चपला तरंगतील. भंडारदऱ्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. पारदर्शक डोमवर पाऊस पडताना फार छान दिसतं. मात्र आवाज इतका असतो की शेजारच्या पलंगावरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागतं.

काजवे बघायला जायचं आहे. कसं ठरवू?

या प्रश्नाला थोडं सविस्तर उत्तर देतो, कारण यात दरवर्षी हजारो लोकांची निराशा होते आणि काजव्यांचे हाल होतात.

मेचा शेवटचा आठवडा ते साधारण जूनचा मध्य, वळवाच्या एक-दोन सरी झाल्यानंतर आणि मोठा पाऊस कोसळायच्या आधी, हा काळ. तारीख कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. ते पावसावर ठरतं. मोठा पाऊस लागला की खेळ आवरतो. भंडारदऱ्याच्या बाजूला घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी या गावांच्या आसपास हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे बसतात. एखादं झाड असं मिळतं की त्यावरचे हजारो काजवे एका तालात लुकलुकतात. क्षणभर अख्खं झाड पेटतं आणि विझतं, परत पेटतं. ते पाहिलं की बोलणं आपोआप बंद होतं.

ही लुकलुक म्हणजे नर-मादीची एकमेकांना खूण. जोडीदार शोधायला त्यांच्या हाती थोडेच दिवस असतात. त्यात गाडीचे हेडलाइट, मोबाइलची बॅटरी, फ्लॅश यांचा उजेड पडला की खूण पोचत नाही. झाड हलवणं, काजवा बाटलीत भरणं हे प्रकार अजूनही होतात आणि गावकरी आता त्यावर चिडतात. त्यांचं बरोबर आहे.

हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखात्याचं प्रवेशशुल्क असतं, रात्री किती वाजेपर्यंत थांबता येईल यावर बंधन असतं. नियम दरवर्षी नव्याने जाहीर होतात, ते निघण्याआधी बघा. शनिवार-रविवार टाळाच. त्या रात्री शेंडीपासून गाड्या अडकतात आणि काजव्यांपेक्षा टेललाइट जास्त दिसतात. गावातल्या वाटाड्याला सोबत घ्या. कुठल्या झाडावर आज गर्दी आहे हे त्याला ठाऊक असतं, तंबूच्या मॅनेजरला नसतं.

बाथरूम खरंच स्वच्छ असतं का?

सगळं ग्लॅम्पिंग या एका गोष्टीवर तरतं किंवा बुडतं, म्हणून लाजू नका, नीट विचारा. ‘अटॅच्ड आहे का?’ एवढं पुरत नाही. काही ठिकाणी ‘अटॅच्ड’ म्हणजे तंबूच्या मागून बाहेर पडून चार पावलांवर. रात्री दोनला दवात भिजत तिथे जायचं असतं. विचारायचं ते असं: तंबूच्या आतूनच दार आहे का? कमोड आहे का? फ्लशला पाणी चोवीस तास की पंप चालू केल्यावर? गरम पाणी किती वाजता ते किती वाजता? सोलर असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या माणसाच्या वाट्याला कोमट येतं. बंबाचं पाणी बादलीने आणून देत असतील तर उलट खात्रीचं.

गॅस गीझर बाथरूमच्या आत बसवलेला दिसला तर सावध. खिडकी किंवा झरोका उघडा ठेवूनच अंघोळ करा, दोघातिघांनी लागोपाठ करू नका. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला ना वास ना रंग. घरच्या बाथरूममध्येसुद्धा माणसं अशी दगावली आहेत.

थंडीत तंबूत गारठायला होतं का? शेगडी मागवता येईल का?

डिसेंबर-जानेवारीत मावळात आणि अकोले तालुक्याच्या डोंगरात पहाटे चांगलीच कडाक्याची थंडी असते. कापडाच्या आत आणि बाहेर फारसा फरक राहत नाही. चांगल्या ठिकाणी जाड रजया देतात. तरी एक जास्तीची मागून ठेवा, आणि कानटोपी, पायमोजे घालून झोपा. आणखी एक गोष्ट पहिल्यांदा जाणाऱ्यांना चकवते. आपल्या श्वासाची वाफ थंड कापडाला लागून थेंब होते आणि पहाटे छतावरून टपटप अंगावर पडतं. लोकांना वाटतं तंबू गळतोय. वरची जाळीची खिडकी बोटभर उघडी ठेवली की हे बरंच कमी होतं. रात्री बाहेर वाळत घातलेले कपडे सकाळी पिळून काढावे लागतात, तेव्हा तो विचारही नको.

शेगडीचं उत्तर एका शब्दात: नाही. निखाऱ्यांची शेगडी, कोळशाची बार्बेक्यूची भट्टी, अगदी ‘विझत आलेली’सुद्धा, तंबूच्या आत घ्यायची नाही. झोपेतल्या माणसाला गुदमरल्याचं कळतही नाही. कोणी कर्मचारी प्रेमाने आणून दिली तर तितक्याच प्रेमाने परत पाठवा. हवं तर गरम पाण्याची रबरी पिशवी घरून न्या.

वारा सुटला तर तंबू उडेल का?

मोठे तंबू उडत नाहीत, पण फडफडतात, आणि रात्री तो आवाज भीतीदायक वाटतो. पोचल्यावर उजेड असतानाच तंबूभोवती एक फेरी मारा. ताणलेले दोर सैल आहेत का, खुंट्या जमिनीत पक्क्या आहेत का, डोक्यावर वाळकी फांदी लटकते आहे का, एवढं पाहा. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वळीव येतो तो वाऱ्यासकटच येतो. विजा कडाडू लागल्या तर तंबूत बसू नका. पक्क्या इमारतीत, जेवणाच्या हॉलमध्ये किंवा बंद गाडीत जा. जवळपास अशी पक्की जागा आहे का, हे मी बुकिंगच्या वेळीच विचारतो.

साप, विंचू, बिबट्या?

बिबट्या जुन्नर, मावळ, अकोले सगळीकडे आहे आणि बहुतेकदा तुम्हाला टाळतो. रात्री लहान मुलाला एकटं बाहेर पाठवू नका, उरलंसुरलं मटण-चिकन तंबूबाहेर टाकू नका. त्याने कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो.

सापांची काळजी जास्त खरी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही आपल्याकडे आहेत. त्यातला मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावल्याच्या घटना होतात. म्हणून जमिनीपासून उंच पलंग ही नुसती चैन नव्हे. तंबूची चेन खालपर्यंत, कोपऱ्यातल्या शेवटच्या दातापर्यंत लावा. बेडूक, गोम, विंचू सगळे तिथूनच आत येतात. त्या कोपऱ्यात चेन तुटलेली असेल तर टॉवेल दाबून ठेवा. बूट आत घ्या आणि सकाळी उलटे आपटूनच घाला. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका.

चावलाच तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरी आवळायची नाही. चावलेला हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवायचा, १०८ ला फोन करायचा आणि प्रतिसर्पविष जिथे आहे अशा सरकारी रुग्णालयात थेट जायचं. ते रुग्णालय किती लांब आहे हे पोचल्या पोचल्या मालकाला विचारून ठेवा. हा प्रश्न ऐकून तो गोंधळला तर तुम्हाला त्या जागेबद्दल बरंच काही कळलं.

आई-बाबांना घेऊन जाऊ का?

जरूर. फक्त तंबू उतारावर नको. जलाशयाकाठच्या जागा बहुतेक उतारावरच असतात, गाडी वर लावायची आणि पन्नास-साठ ओबडधोबड पायऱ्या उतरायच्या. ‘गाडी तंबूच्या दारापर्यंत येते का?’ हे विचारा. पलंग फार बुटका असेल तर उठताना त्रास होतो. रात्री श्वासाचं यंत्र लावून झोपणारे कोणी असतील तर वीज गेल्यावर तंबूच्या आतल्या प्लगला इन्व्हर्टर आहे का, की फक्त बाहेरच्या दिव्यांना, हे स्पष्ट करून घ्या. जेवणाची वेळही ठरवून घ्या. बऱ्याच ठिकाणी बार्बेक्यू आणि गाणी आटपून जेवण साडेनऊ-दहाला वाढतात. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने तोवर काय करायचं? आठला जेवण द्या म्हणून आधी सांगितलं तर देतात.

लहान मुलं रमतात का?

मोठ्यांपेक्षा जास्त. पाण्याला कुंपण आहे का तेवढं बघा. बहुतेक ठिकाणी नसतं.

धरणाच्या पाण्यात उतरता येईल का?

नाही. ‘गुडघाभरच आहे’ म्हणून उतरलेले बुडाले आहेत, पोहता येणारेसुद्धा. या जलाशयांच्या तळाशी बुडालेली शेतं आहेत. भातखाचरांचे बांध, जुन्या विहिरी, नाल्यांची पात्रं. एका पावलाला गुडघाभर आणि पुढच्याला डोक्यावर पाणी. वरून गाळ असा की पाय रुततो आणि निघत नाही. काठावर मनाईच्या पाट्या आहेत. त्या वाचूनही लोक उतरतात आणि दर हंगामात बातमी येते. कयाक किंवा बोट कोणी देऊ केली तर लाइफ जॅकेट अंगावर, बकल लावून, मगच पाय टाका. संध्याकाळनंतर तेही नको.

जेवायला काय मिळतं?

पवनेला ठरलेला साचा: संध्याकाळी चहा-भजी, मग चिकन किंवा पनीरचं बार्बेक्यू, रात्री रस्सा-भाजी-पोळी-भात, सकाळी पोहे. पोट भरतं, लक्षात काही राहत नाही. चव हवी असेल तर आदल्या दिवशी फोन करून गावातल्या घरातलं जेवण मिळेल का विचारा. मावळात इंद्रायणीचा भात, तूप आणि आमटी. अकोले तालुक्याकडे नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, आणि नशिबात असेल तर काळभात या गावरान तांदळाचा भात. चुलीवरच्या भाकरीसाठी मी बार्बेक्यू कधीही सोडीन.

श्रावण, उपवास, कांदा-लसूण वर्ज्य असं काही असेल तर बुकिंगलाच सांगा. तव्यासमोर उभं राहून सांगितलं तर तुमच्या ताटात फक्त बटाटा येतो.

बुकिंग करताना फसवणूक कशी ओळखायची?

इथली नेहमीची तऱ्हा अशी. समाजमाध्यमावर सुंदर डोमची जाहिरात दिसते, दर जरा कमी, व्हॉट्सॲपवर गोड बोलणारा माणूस, ‘सर, दोनच शिल्लक आहेत, निम्मे आत्ता पाठवा’. पैसे गेले की नंबर बंद, किंवा पोचल्यावर दाखवतात भलताच तंबू. मधल्या दलालाचा आणि जागामालकाचा काही संबंध नसतो, असंही बरेचदा निघतं.

उपाय सोपे आहेत. व्हिडिओ कॉल करून तंबू दाखवायला सांगा, खरा मालक दोन मिनिटांत दाखवतो. नकाशावर जागेचं नाव शोधून लोकांनी काढलेले फोटो बघा, मालकाने चढवलेले नाही, आणि तेही गेल्या दोन-तीन महिन्यांतले. पैसे ज्या नावाने जातायत ते नाव जागेशी जुळतं का पाहा. पावती मागा. आणि ‘आगाऊ रक्कम किती, रद्द केलं तर किती परत, पावसामुळे त्यांनीच रद्द केलं तर काय’ हे तीन मुद्दे लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना.

एकूण खर्च किती धरावा?

दर माणशी आहे की तंबूमागे, हे आधी. मग त्यात जेवण धरलंय का, पाच वर्षांवरच्या मुलाचे निम्मे की पूर्ण, गादी जास्तीची घेतली तर किती, ड्रायव्हरची झोपायची-जेवायची सोय काय. जीएसटी वेगळा लागू शकतो. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. म्हणून ७,४०० चा तंबू आणि ७,८०० चा तंबू यांत बिलावर चारशेपेक्षा बराच जास्त फरक पडतो. सोमवार ते गुरुवार दर सहज उतरतात, आणि दोन रात्री घेतल्या तर घासाघीस करायला जागा असते.

आवाजाचं आणि खासगीपणाचं काय?

कापडाला भिंत समजू नका. शेजारच्या तंबूतलं घोरणं ऐकू येतं आणि तुमचं भांडणही त्यांना ऐकू जातं. दोन तंबूंमध्ये किमान वीस-पंचवीस पावलं अंतर असावं. आणखी एक, जे कोणी सांगत नाही: रात्री आतला दिवा चालू असेल तर पातळ कापडावर तुमची सावली बाहेरून स्वच्छ दिसते. कपडे बदलताना दिवा बंद करा किंवा बाथरूममध्ये जा.

रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर वाजवायला कायद्यानेच बंदी आहे. मालकाला सांगून भागलं नाही तर ११२. ‘फॅमिली प्रॉपर्टी आहे का, डीजे असतो का?’ हा प्रश्न आधी विचारला तर ही वेळ येत नाही.

दारू चालते का?

जागेच्या मालकावर आहे. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात, परवानाही लागतो. अभयारण्याच्या हद्दीत आणि गडांवर नेऊच नका. काचेच्या बाटल्या काठावर फोडून ठेवणाऱ्यांमुळे गावातल्या गुरांचे पाय कापले जातात.

शेकोटी मिळते का?

मिळते, बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे देऊन. उन्हाळ्यात वाळलं गवत असताना हट्ट करू नका. झोपण्याआधी पाणी ओतून विझवली का, हे स्वतः बघा.

तारे दिसतील का?

पवनेला बेताचे, कारण लोणावळा आणि पिंपरीकडचा उजेड आकाशात चढतो. भंडारदऱ्याला खूप चांगले. अमावस्येच्या आसपासच्या तारखा धरा आणि मालकाला रात्री अकरानंतर बाहेरचे दिवे बंद करायला सांगा. हिवाळ्यात मृग, व्याध, कृत्तिका ठळक. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो, त्या दिवशी चंद्र नसेल तर मध्यरात्रीनंतर रजई घेऊन बाहेर आडवं व्हावं. आकाशगंगेचा दाट पट्टा हवा तर मार्च-एप्रिलची पहाट.

नेटवर्क असतं का? तंबूतून ऑफिसचं काम होईल?

पवनेला बहुधा होतं. भंडारदऱ्याला एका कंपनीचं येतं, दुसरीचं नाही, आणि रतनवाडी-घाटघरकडे काहीच नाही असं होऊ शकतं. सोमवारी सकाळची मीटिंग असेल तर रविवारीच परत फिरा.

घरून काय न्यायचं?

डोक्याला लावायची बॅटरी, पॉवर बँक, ओडोमॉस, नेहमीची औषधं, पाणी जाणारी चप्पल, जुनी चादर बाहेर पसरायला, आणि सुके कपडे प्लास्टिकच्या पिशवीत. रोख पैसेही ठेवा, यूपीआयला तिथे रेंज लागते. हेअर ड्रायर, इस्त्री, विजेची किटली नेऊ नका. एकाने लावली की सगळ्या तंबूंचा फ्यूज उडतो.

कुत्र्याला नेलं तर चालतं का?

काही ठिकाणी चालतं, वेगळे पैसे घेतात. अभयारण्यात आणि त्याला लागून असलेल्या जागी मात्र नेऊ नका. आणि रात्री त्याला बाहेर बांधायचं नाही, तंबूत तुमच्यासोबतच ठेवायचं. वर बिबट्याचं लिहिलं आहे ते याच्यासाठी जास्त लागू.